भिंतीतलं दार

मिस्त्रीने भिंत बांधली खरी, पण तिच्यासमोर त्याचा पाय ठरेना. उठायचा, हात फिरवायचा, परत येऊन बसायचा, की पुन्हा उठायचा.

या जागी दार होतं. पलीकडे वायरमन राहायचा. दोघांची मुलं लहान असताना मिस्त्रीनेच मधली भिंत फोडून ही वाट केली होती. तेव्हापासून दोन घरांचा एकच संसार. साखर संपली की कोणी मागत नसे, जाऊन घेत असे. आता मुलं पांगली, वायरमनची बायको गेली, आणि तो लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. जागा विकली गेली. दार बुजवणं आलंच.

"तुम्हाला मुंग्या चावतायत का?" बायको वैतागली. "बसा की एका जागी."

"ओली आहे अजून. बघायला नको?"

"लोकांच्या भिंती बांधून आलात की ढाराढूर झोपता. हिच्यातच काय एवढं?"

मिस्त्री पुन्हा भिंतीपाशी गेला. तेवढ्यात विटांच्या सांध्यातून थोडी वाळू गळली आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आरपार बाहेर आलं.

"मिस्त्री!" पलीकडून वायरमन ओरडला. "ही भिंत आहे की बिस्किट? बाजूचा बोर्ड काढताना हात घसरला, तर थेट तुझ्या घरात!"

बायकोने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "अहो, मालात सिमेंट घातलं होतं ना?"

"थोडं कमी घातलं," तो पुटपुटला. "नव्या लोकांशी जमलं, तर पुन्हा उघडता येईल म्हणून."

पलीकडे वायरमनचा आवाज खाली आला. "अरे, त्यांचं पोर अजून भिंत धरून उभं राहतंय."

मिस्त्रीने हातोडा उचलला. भिंत लाजिरवाण्या सहजपणे खाली आली. पलीकडे धुळीत वायरमन उभा.

या वेळी मिस्त्रीने माल नीट कालवला, विटा भिजवल्या. वायरमन पलीकडून एकेक वीट देऊ लागला.

"सरळ धर."

"मी वायरमन आहे, गवंडी नाही."

"म्हणूनच सांगतोय."

आधी वायरमनचे गुडघे दिसेनासे झाले, मग पोट, मग हनुवटी. शेवटच्या विटेपुरती जागा उरली, तेव्हा मिस्त्री उगाचच थापीने कडा साफ करत बसला.

"लाव आता," वायरमन म्हणाला. "वहिनींना चहा टाकायला सांग. आलोच मी."

मिस्त्रीने वीट बसवली, ठोकली, आणि तिथेच वाट बघत उभा राहिला.

"अहो, तिथून कुठून येतील भावजी?" बायको हळूच म्हणाली.

रस्त्याकडचं दार वाजलं. मिस्त्रीने धावत जाऊन उघडलं.

"कधीचा बटण दाबतोय," वायरमन म्हणाला. "बेल बंद आहे तुमची."

"असेल. तुला कधी लागली होती?"

"वायरमनच्या शेजाऱ्याची बेल बंद! गावभर नाचक्की होईल माझी." त्याने खिशातून टेस्टर काढला. चहा निवत होता. मिस्त्री उंबऱ्यात या पायावरून त्या पायावर होत राहिला. अखेर वायर जोडून वायरमनने बटण दाबलं. बेल घरभर घणघणली आणि मिस्त्री दचकला.

"चालतेय," वायरमन म्हणाला.

"पुन्हा वाजव," मिस्त्री म्हणाला.