नाव न घेता विचारायचं

कॉलेजात असताना मी पायथनमध्ये एक छोटासा शेल, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम, लिहिला. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकायचा. शब्द टाइप करून एंटर दाबला की उत्तर यायचं. बाबा मालवाहू जहाजावर होते. बंदर सोडताना ते फोनवर पुढचं बंदर आणि लागणारे दिवस सांगत. त्यावरून शेल अंदाजानं सांगे, ‘मस्कत मागे पडलं’, ‘आज चहूकडे पाणी’. विचारायची कमांड म्हणून मी बाबांचंच नाव ठेवलं होतं.

‘ह्यांचा नाव मी उखाण्याशिवाय घेत नाय,’ आई म्हणाली. ‘तुझ्या ह्या डब्याला दुसरा काय कळत नाय काय गो?’

शेल लिहायला मी पायथनमधली एक तयार लायब्ररी वापरली होती, तिची एक खोड होती. काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं, की आधीचीच कमांड पुन्हा चालायची. मी ती खोड मोडणार होते, पण आईला तीच फळली. सकाळी मी नाव टाइप करून कॉलेजला जायचे आणि ती येताजाता एंटर दाबायची. उत्तर दिवसभर तेच असायचं. तिला चालायचं.

मिरकरवाडा बंदराकडून मच्छीमार बोटींची घरघर यायची, दुपारचं ऊन लादीवर पसरायचं, आणि आई मासळी साफ करून, पदराला हात पुसत पडद्यापुढे बसून राहायची. तिच्याकडे बघताना वाटे, आमचं घरच हळूहळू कुठेतरी निघालंय.

एका खेपेला अंदाजाचे दिवस संपले. शेल म्हणू लागला, ‘पोहोचले असतील.’ फोन मात्र येईना. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आई जेवली नाही. मला माझ्याच प्रोग्रामचा संताप आला. काही ठाऊक नसताना बोलतो, आगाऊ मेला!

त्या दुपारी लाईट जाऊन आली. मी शेल पुन्हा उघडला आणि नाव न टाकताच नारळ खवायला गेले. आईनं एंटर दाबलं. उत्तर नाही. पुन्हा दाबलं. नव्यानं उघडलेल्या शेलला मागचं काहीच आठवत नव्हतं.

मग मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. एकेक अक्षर शोधत आई हलक्या आवाजात बाबांचं नाव म्हणत होती. खवणीवरचा माझा हात थांबला. मला रडू आलं.

संध्याकाळी फोन वाजला. धक्का रिकामा नव्हता म्हणून जहाज बंदराबाहेरच नांगरून पडलं होतं. घाबरलीस का, असं बाबांनी विचारलं असावं.

‘घाबरत्येय कशाला?’ आई म्हणाली, आणि मग, ‘तुमचा नाव घेतला आज. उखाण्याशिवाय.’