कला शाखेचं पाणी

बाईंनी डॉक्टरेट केली होती ती तळ्यातल्या जिवाणूंवर. पाच वर्षं त्या नावेत बसून बाटल्या भरत होत्या, आणि थेंबभर पाण्यात काय काय जगतं याबद्दल एकदा बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार होई. पण नोकरी मिळाली ती कला आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला पर्यावरण शिकवायची. विषय सक्तीचा, आणि गुण फक्त पास होण्यापुरते. टक्केवारीत धरायचे नाहीत. मुलांच्या लेखी तो विषयच नव्हता. दात घासण्यासारखं काहीतरी, केलं पाहिजे म्हणून करायचं.

अशी एकोणीस वर्षं गेली.

वर्ग तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरायचा. दीडशे मुलं, मधोमध चार जाडजूड खांब, आणि प्रत्येक खांबाआड आठ-दहा जणांचा वेगळा संसार. माइक मनात आलं तर चालायचा, नाहीतर नुसता शिट्ट्या मारायचा. बाई घसा फोडून ओझोनचा थर समजावत आणि खांबाआड कुणीतरी निवांत डबा संपवत असे. "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" हा वर्षभरातला ठरलेला प्रश्न. "नाही" म्हटलं की पेनं खाली. "आहे" म्हटलं की, "मग गाइडमधलं लिहिलं तर चालेल ना?"

स्टाफरूममध्येही तेच. अर्थशास्त्राचे सर एकदा खुर्चीत रेलून म्हणाले होते, "तुमचं बरं आहे, मॅडम. झाडं लावा, पाणी वाचवा. झाला विषय."

बाईंचा नवरा घरीच मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायचा. बाई संध्याकाळी चिडून घरी आल्या की तो हातातलं काम न थांबवता म्हणे, "माझ्याकडे येतात त्यांना दात नाहीत, पण बोलायचे थांबत नाहीत. तुझ्या दीडशे जणांना बत्तीस-बत्तीस दात, आणि एक तोंड उघडेल तर शपथ." बाईंना हसू यायचं नाही. तो मात्र नेमाने सांगायचा.

त्या वर्षी वर्गात इतिहासाची एक मुलगी होती. तिला सगळे 'हजर' म्हणत, कारण हजेरी घेताना ती आपल्या चार मैत्रिणींची हजेरी चार वेगवेगळ्या आवाजांत देई. बाईंना ते ठाऊक होतं. चौथा आवाज जरा नाकातून यायचा. पण दीडशे नावं वाचताना कुठे कुठे अडून बसणार?

एका सकाळी बाई दूषित पाण्याने होणारे आजार फळ्यावर लिहीत होत्या. हजर उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? हे सगळं नेहमी दुसरीकडेच का असतं? कुठलीतरी नदी, कुठलातरी कारखाना. आपल्या इथलं काहीच खराब नसतं का?"

वर्ग खो-खो हसला. बाईंना वाटलं, पोरगी टिंगल करतेय. "बस खाली," त्या तुटकपणे म्हणाल्या. पण दिवसभर ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. एकोणीस वर्षांत गाइडबाहेरचं विचारणारी ही पहिलीच, आणि तिलाच आपण खाली बसवलं.

पुढच्या आठवड्यात त्या एक खोकं घेऊन वर्गावर आल्या. आत चाळीस छोट्या बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर पावडर. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर बाटली काळी पडते. यंत्र नको, प्रयोगशाळा नको.

"कुठलं पाणी आणू?" हजरने विचारलं.

"तू जे पितेस ते."

तिसऱ्या दिवशी चाळीस बाटल्या टेबलावर मांडल्या. सदतीस पिवळसर, घरून आणलेल्या पाण्याच्या. तीन काळ्याकुट्ट, शाई ओतल्यासारख्या. तिन्हींवर हजरच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'दुसरा मजला, जिन्याजवळचा नळ.' कला शाखेचे सगळे वर्ग त्याच मजल्यावर भरत, आणि सगळी मुलं त्याच नळावर बाटल्या भरत.

खांबांआडची मुलंही उठून पुढे आली. हॉलमध्ये पहिल्यांदाच माइकची गरज पडली नाही. बाईंनी आनंद दाखवला नाही. "एका चाचणीवर विश्वास ठेवायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सहा बाटल्या भरायला लावल्या, या खेपेस बाहेरचे जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड ज्योतीने भाजून, हात धुऊन. सहाच्या सहा काळ्या झाल्या.

त्याच दुपारी बाई दोन बाटल्या घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्यांनी आधी टेबलावरचे कागद बाजूला सरकवले, बाटली सांडेल म्हणून.

"चाचणी कुणी केली?"

"माझ्या वर्गातल्या मुलांनी. मी समोर होते."

"कुठल्या शाखेची मुलं?"

"कला आणि वाणिज्य."

"हं." प्राचार्य मागे रेलले. "मॅडम, मला तुमच्या उत्साहाचं कौतुक आहे. पण विज्ञानाची गोष्ट विज्ञानाच्या माणसांनी करावी. उद्या ही पोरं म्हणतील, इमारत हलतेय. मग काय इमारत पाडू?"

"सर, मी विज्ञानाचीच आहे. डॉक्टरेट आहे माझी, पाण्यातल्या जिवाणूंवर."

"असेल, असेल. पण तुम्ही शिकवता पर्यावरण." ते हसून म्हणाले. "मी रसायन विभागाला सांगतो. तोवर हे बाहेर बोलू नका. तपासणी समिती येतेय पुढच्या महिन्यात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, कार्यालयात देऊन पोचेचा शिक्का घेतला, आणि नळावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला: 'हे पाणी पिऊ नये.' दुसऱ्या दिवशी कागद नव्हता. त्यांनी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा लावताना कार्यालयातला कारकून मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, काढायला मलाच लावतात हो. जरा माझाही विचार करा."

आठवड्याने रसायन विभागाचा अहवाल फलकावर लागला. 'पाणी पिण्यास योग्य.' बाई सरळ विभागप्रमुखांकडे गेल्या.

"नमुना कुठला घेतला?"

"कार्यालयाने पाठवला तो."

"म्हणजे कुठल्या नळाचा?"

त्यांनी वही चाळली. "प्राचार्यांच्या खोलीबाहेरचा. फिल्टरचा."

"फिल्टरचं पाणी तपासलंत तुम्ही?"

"मॅडम, जे आलं ते तपासलं. माझं काम तेवढंच."

घरी येऊन त्या तडातडा बोलत राहिल्या. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. या खेपेस त्याने चेष्टा केली नाही. "तू पुन्हा अर्ज दे," एवढंच म्हणाला. बाईंनी दिला. पोचेचा शिक्का मिळाला. चौथ्या अर्जाच्या वेळी कारकुनाने त्यांना न विचारताच शिक्का पुढे केला.

आणि मग एका सोमवारी हजेरी घेताना हजरच्या नावाला कुणीच ओ दिली नाही. बाईंनी मान वर केली. पुन्हा नाव घेतलं. शेवटी तिची एक मैत्रीण चाचरत म्हणाली, "मॅडम, ती दवाखान्यात आहे. ताप, उलट्या. कालपासून सलाइन लावलंय."

"ती त्या नळाचं पाणी प्यायली?"

"फलकावर योग्य लिहिलं होतं ना, मॅडम. आणि दुसरा नळ तळमजल्यावर आहे, मधल्या सुट्टीत तिथे ही रांग."

बाईंनी हजेरीपट मिटला. आजार त्याच पाण्याने झाला असं त्या छातीठोकपणे सांगू शकत नव्हत्या. तेवढी शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. पण आता हात बांधून बसणंही त्यांना जमेना. वर्ग तसाच सोडून त्या महाविद्यालयाच्या नळवाल्याला शोधायला निघाल्या. तो जिन्याखालच्या खोलीत एक गळका वॉशर बदलत बसला होता.

"गच्चीवरची टाकी दाखवा मला."

"कला विभागाची? या." तो ताबडतोब उठला, जणू कुणीतरी हे विचारेल म्हणून वाटच पाहत होता.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. टाकीला झाकण नव्हतं. तिथे एक पत्रा टाकला होता, तोही अर्धा उडालेला. बाई लोखंडी शिडीवर चढल्या आणि आत वाकून पाहिलं. पाण्यावर पिसं तरंगत होती. कोपऱ्यात एक कबुतर फुगून पडलं होतं, आणि ते एकटं नव्हतं. त्यांनी फोन काढून चार फोटो घेतले.

"झाकण कधीपासून नाही?"

"मागच्या वादळात गेलं. तीनदा लिहून दिलंय, मॅडम. मला म्हणाले, तू पान्याचं बघ, पाण्याचं आम्ही बघतो." तो कडवट हसला. "आपल्याला कोण विचारतंय? आपण काय शास्त्रज्ञ?"

"इथून खाली जाणाऱ्या पाण्याची चावी कुठली?"

त्याने एक गंजलेलं चाक दाखवलं. "बंद करायची तर साहेबांना विचारावं लागेल."

"तुम्ही विचारा. मी बंद करते."

चाक हलेना. बाईंनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला, दोन्ही हातांनी जोर लावला. तळहाताची साल निघाली तेव्हा ते करकरत फिरलं. नळवाला दोन पावलं मागे उभा राहून बघत होता. "माझा हात लागला नाही बरं का," तो हळूच म्हणाला, आणि मग, "अजून अर्धा आटा फिरवा, मॅडम. गळेल नाहीतर."

तासाभरात इमारत कोरडी पडली. चार अर्जांनी जे झालं नाही ते प्राचार्यांच्या स्वच्छतागृहातल्या कोरड्या नळाने केलं, कारण त्यांच्या खोलीचं पाणीही, फिल्टरसकट, त्याच टाकीतून येत होतं. बाईंनी त्यांच्या टेबलावर फोन ठेवला आणि कबुतराचा फोटो मोठा करून दाखवला. प्राचार्यांनी टेबलावरचा अर्धा भरलेला ग्लास हळूच लांब सरकवला.

दुपारी टाकी उपसली, घासली, औषध टाकलं. चार दिवसांत नवं झाकण आलं, आणि बाईंनी त्याचा फोटो काढून कार्यालयात दिला. बाईंनी पुन्हा सहा बाटल्या भरल्या. एकही काळी झाली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पंधरा दिवसांनी बाईंच्या हातात नोटीस पडली: परवानगीविना पाणीपुरवठा खंडित करून महाविद्यालयाच्या कामकाजात अडथळा का आणला, याचा खुलासा करावा. त्याच महिन्यात तपासणी समितीपुढे जो अहवाल ठेवला त्यात एक परिच्छेद होता, 'रसायन विभागाचा शुद्ध जल उपक्रम'. सोबत बाईंनीच काढलेला फोटो, नव्या झाकणाचा.

हजर बरी होऊन आली ती पार वाळून. परीक्षेत दूषित पाण्यावर दहा गुणांचा प्रश्न आला. तिने टाकी, कबुतर, बाटल्या, फिल्टरचा नमुना, सगळं लिहिलं. पेपर बाहेरून तपासून येत. तिला दोन गुण मिळाले. शेरा होता, 'विषयाला धरून लिहावे.'

"फेरतपासणीचा अर्ज भर," बाई म्हणाल्या. "मी पत्र देते."

"जाऊ द्या ना, मॅडम. पास झाले की."

"अगं, पण तू जे लिहिलंस ते खरं होतं!"

"ते आपल्याला माहितीय ना." ती त्यांची समजूत घालावी तशी म्हणाली. "टक्केवारीत धरत नाहीत, मॅडम. कशाला डोकं पिकवता?"

बाईंना तिच्यावर ओरडावंसं वाटलं. दोन गुणांसाठी नाही. इतक्या सहज सोडून देता येतं याचा राग होता तो. पण मुलीचे गाल अजून बसलेले होते.

खुलाशात त्यांनी दिलगिरीचा शब्द घातला नाही. नवरा म्हणाला, "एक ओळ घाल, प्रकरण मिटेल." त्यांनी घातली नाही, आणि प्रकरण मिटलंही नाही, ते कुठल्यातरी फायलीत बसून राहिलं.

जूनमध्ये विषय संगणकावर गेला. मुलांनी पडद्यावर धडा वाचायचा, शेवटी बरोबर पर्यायावर खूण करायची. बाईंना संगणक कक्षात देखरेखीला बसवलं. पहिल्याच दिवशी एका मुलाने हात वर केला.

"मॅडम, उत्तर ब की क?"

बाईंनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. "दोन्ही बरोबर आहेत. प्रश्नच चुकीचा आहे."

"पण खूण एकच होते."

"मी कळवते त्यांना."

"आत्ता काय करू पण?"

मुलाने खांदे उडवले, एकावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. बाईंनी टेबलावरून कोरा कागद ओढला आणि चुकीच्या प्रश्नाबद्दल अर्ज लिहायला घेतला, पेन इतकं दाबून की दुसऱ्याच ओळीला कागद फाटला. त्यांनी दुसरा घेतला.