लकडगंजखालचं भुयार

भुयारात काम करणाऱ्यांकडे गोष्टी साचत जातात, कारण खाली बोलताच येत नाही. यंत्रांचा आवाज इतका असतो, की सगळा दिवस हातवाऱ्यांवर काढायचा. मग कधीतरी बेसा भागात मेश्राम साहेबांच्या गच्चीवर आम्ही जमतो आणि साचलेलं बाहेर येतं. लकडगंजच्या पोटातून जाणाऱ्या भुयारी मेट्रोवर आम्ही एकत्र होतो. साहेब सुरक्षेचे प्रमुख, बोरकर खोदाईचा इंजिनिअर, आणि मी वरच्या इमारतींवर नजर ठेवणारी.

०

मार्ग कागदावर आखून झाला होता. पण जुन्या वस्तीतल्या बुजलेल्या, झाकलेल्या विहिरी कुठल्याच नकाशात नसतात. खोदताना अशी विहीर लागली, तर पाणी आणि माती एकदमच भुयारात येते. म्हणून मी घरोघर विचारत फिरत होते.

एका घरी मालक म्हणाले, "आमच्याकडे विहीर-बिहीर काही नाही." घर पाडतील ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काहून खोटं बोलून राहिले जी? देवघराखाली आहे ना."

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "घर गेलं तर जाईन. पण खाली माणसं काम करतीन. त्याहिले सांगाले नको?"

विहीर काँक्रीटनं भरून घेतली, मार्ग थोडा बाजूला सरकवला. घर राहिलं. त्या दिवशी मालकांनी मला बस म्हटलं नाही. पुढं कधी गेले, की चहा मात्र तेच करायचे.

०

कंत्राटाच्या अटी ठरत होत्या. जमीन अहवालाप्रमाणे निघाली नाही, तर होणारं नुकसान कोणी सोसायचं, यावर बैठक अडली. मोठे अधिकारी म्हणाले, "सगळी जोखीम कंत्राटदारावर टाका, आपण मोकळे."

मेश्राम साहेबांनी अटींचा कागद पुढं ओढला. ते म्हणाले, "सगळी त्याच्यावर टाकली, तर पहिली भेग तो लपवेल."

"आणि वाटून घेतली तर?"

"तर तो आपल्याला फोन करेल."

अट बदलली.

०

खोदाई सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घरातल्या भेगांचे फोटो काढून ठेवतात. नंतर कुठली जुनी आणि कुठली आमच्यामुळे, यावर वाद नको. लोक बहुधा जुन्या भेगाही आमच्या खात्यावर टाकायला बघतात.

एका घरात एकट्या राहणाऱ्या आजीबाईंनी मला स्वतः भिंतीपाशी नेलं. दाराच्या चौकटीवर लांब तिरपी भेग होती. "ही तुमची नाही वं पोरी. आमचे हे रागानं दार आपटत. त्याहिची आहे."

काम संपल्यावर आमचे गवंडी त्या भागातली घरं दुरुस्त करत होते. आजींच्या घरी नव्या भेगा बुजल्या, रंगही झाला. गवंडी थापी घेऊन दाराकडे वळला, तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तेवढी राहू दे बापा."

गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो सामान आवरून बाहेर पडला.

०

खाली उतरणारा प्रत्येक जण आपलं नावाचं कार्ड विवराच्या तोंडाशी फळ्यावर टांगतो, वर आला की काढून नेतो. एकदा पाळी संपली, सगळे वर आले, आणि एक कार्ड टांगलेलंच. साहेबांनी खोदाईचं यंत्र बंद ठेवायला लावलं. बोरकर माणसं घेऊन परत खाली गेला. चिखल, पंपाची खोली, माती वाहणाऱ्या पट्ट्याखालची जागा, सगळं धुंडाळलं. वर त्या माणसाचे गाववाले फळ्याकडे बघत उभे.

शेवटी तो खोलीवर सापडला. ताप भरला म्हणून लवकर वर आला होता आणि कार्ड काढायचंच विसरला होता.

कंत्राटदाराचा मॅनेजर संतापला. "एवढं काम बंद ठेवलं, आणि निघालं काय?"

साहेब म्हणाले, "माणूस निघाला. झोपलेला."

बोरकर तेव्हा वर येऊन चिखलानं माखलेलाच जमिनीवर बसला होता. त्याला हसू फुटलं आणि मग ते थांबेना. डोळे पुसत उठला तो, पण हसून आलेलं पाणी होतं की कसलं, मी विचारलं नाही.

०

वेलजीभाईंची लाकडाची वखार आमच्या स्टेशनच्या खड्ड्यामागच्या गल्लीत. आमच्या कामामुळे त्यांच्या ट्रकची मोठ्या रस्त्याला लागायची वाट बंद झाली. वस्तीला धोका आहे, काम थांबवा, म्हणून त्यांनी आमच्यावर केस घातली होती. समोर दिसलो तरी ते तोंड फिरवत.

एका दुपारी माझ्या यंत्रानं दाखवलं, खड्ड्यालगतच्या चाळीची भिंत झुकतेय. मी बोरकरला फोन केला. त्यानं वरिष्ठांना न विचारता खोदाई थांबवली. आम्ही चाळ रिकामी करायला घेतली. कोणाच्या हातात तान्हं मूल, कोणाच्या हातात कुकर. भिंतीला टेकू द्यायचे लोखंडी खांब शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि ट्रेलर ट्रॅफिकमध्ये अडकलेला.

गल्लीतून एक ट्रक उलटा येताना दिसला. सागाच्या लांब, जाड बल्ल्यांनी भरलेला. मागं वेलजीभाई, स्वतः ड्रायव्हरला हात दाखवत. त्यांची माणसं आणि आमची माणसं, सगळ्यांनी मिळून त्या बल्ल्या भिंतीला लावल्या. संध्याकाळपर्यंत लोखंड आलं. भिंत जागेवर होती.

मेश्राम साहेबांनी हात जोडले.

"हात नका जोडू जी," वेलजीभाई म्हणाले. "केस चालूच राहीन."

राहिलीच. पुढच्या तारखेला त्यांचे वकील तावातावानं सांगत होते, यांच्या खोदाईनं चाळीची भिंत झुकली, लोक मेले असते. खोटं काहीच नव्हतं. आम्ही मान खाली घालून ऐकत होतो.

न्यायाधीशांनी विचारलं, "मग ती पडली का नाही?"

वकिलांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. वेलजीभाई सावकाश उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "लाकूड या केसमध्ये नाही."