धोकादायक घराची खोटी नोटीस

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आठवलं की आधी हसू येतं आणि हसता हसता तोंड कोरडं पडतं, असं प्रकरण एकच. त्यात रक्त सांडलं नाही, तिजोरी फुटली नाही. प्रकरण होतं एका जुन्या घराचं.

धुळे आणि जळगावच्या मधलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. पारोळ्याला जाणारी बस तिथे थांबते, एवढं पुरे. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. मे महिना संपत आलेला. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीचे लोक डायरीवर सह्या करून घरी गेले, आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक साठी ओलांडलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. एस.टी.त तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना नाना म्हणत. आपणही नानाच म्हणू.

त्यांचा अर्ज वाचून आमचे हवालदार माझ्या खोलीत आले. हसू दाबून दाबून त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"साहेब, हे तुम्हीच बघा. हा माणूस स्वतःचं घर पाडायला बंदोबस्त मागतोय."

मी नानांना आत बोलावलं. खुर्ची दिली.

"नाना, बंदोबस्त अतिक्रमण काढताना देतात. तुमचं घर तुम्हीच पाडणार, तर दगडफेक कोण करणार? तुम्हीच?"

"तसं नाही साहेब. गल्लीत माती पडेल, रस्ता अडेल. उद्या कुणी विचारायला नको, परवानगी कुठे आहे म्हणून. मी डेपोतून कागदाशिवाय गाडी कधी बाहेर काढली नाही."

"पण पाडता कशाला?"

आता त्यांचा चेहरा पडला. फाइलमधून त्यांनी एक नोटीस काढून माझ्यापुढे ठेवली. नगरपालिकेची. आपले घर धोकादायक असून पंधरा दिवसांत उतरवून घ्यावे, अन्यथा कारवाई होईल. खाली सही, बाजूला गोल शिक्का.

हकीगत अशी. नानांनी सहा वर्षांपूर्वी गावठाणातलं ते धाब्याचं घर विकत घेतलं होतं. धाबं म्हणजे लाकडी तुळयांवर, ज्यांना आमच्याकडे सर म्हणतात, काड्या आणि पाला अंथरून वरून माती दाबलेलं सपाट छत. आमच्या खान्देशात गल्ल्याच्या गल्ल्या अशा घरांच्या आहेत. नानांच्या पत्नीचे, अक्कांचे गुडघे गेले होते. परसातल्या संडासापर्यंत जाणं होईना. म्हणून घरातच संडास-न्हाणीघर काढावं, त्याला परवानगी लागते का, हे विचारायला नाना पालिकेच्या खिडकीवर गेले. तिसऱ्या दिवशी 'इंजिनीअर' घरी हजर. खांबांवर हातोडी मारून ऐकलं, भिंती पाहिल्या, मान हलवली आणि नोटीस हातात दिली. वर म्हणाला, पाडायला तुम्हाला काही लागणार नाही, आमचा ठरलेला ठेकेदार शुक्रवारी येईल, निघालेलं लाकूड घेऊन जाईल.

"मग तुम्ही पालिकेत जाऊन विचारलं का नाही?"

नाना खाली बघत म्हणाले, "सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून जुन्या मालकाच्या आजोबांचं नाव आहे साहेब. परसातला संडासही कुणीतरी विनापरवाना बांधलेला. तो म्हणाला, जास्त चौकशी केलीत तर तेही बाहेर निघेल. अक्का दोन दिवस जेवली नाही. म्हणते, आता या वयात भाड्याच्या खोलीत कुठे जायचं?"

जुन्या घराचा आणि सगळे कागद जागेवर असलेला मालक मी आयुष्यात पाहिलेला नाही. एक ना एक कागद कमी असतोच, आणि ज्याचा कागद कमी तो कचेरीची पायरी चढायला भितो. ती भीती ओळखून कुणीतरी आपलं दुकान मांडलं होतं.

मला ते कळलं कशावरून, सांगतो. मी नोटीस पुन्हा वाचली. शेवटची ओळ होती : 'आपणास होणाऱ्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' वाचकहो, इतकी वर्षं मी सरकारी कागद वाचत आणि लिहीत आलो. सरकारी कागद आदेश देतो, धमकी देतो, स्मरणपत्र देतो. दिलगीर कधी होत नाही! त्यात जावक क्रमांक नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विचारणा सोमवारी, नोटीस बुधवारी. पालिकेच्या बांधकाम विभागातल्या लिपिकाला मी फोन लावला.

"तीन दिवसांत नोटीस?" तो हसतच सुटला. "साहेब, तीन दिवसांत आमच्या टेबलावरून कागद समोरच्या टेबलावर जात नाही. ही आमची नाही. तुम्हाला शपथेवर लिहून देतो."

मी फोन ठेवला आणि फार ऐटीत नानांना म्हणालो, "नोटीस खोटी आहे. तुमचं घर ठणठणीत आहे. अक्कांना सांगा, पोटभर जेवा. फक्त शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नका."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

शुक्रवारी सापळा. दोन पंच शेजारच्या घरात, दोन शिपाई गल्लीच्या तोंडाला साध्या वेषात. आणि मी? खरं म्हणजे मी ठाण्यात बसायला हवं होतं. पण मला शाळेपासून नाटकाचा नाद. मी धोतर नेसलो, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि अक्कांचा यावलकडचा केळीवाला भाऊ होऊन ओसरीवर बसलो. हवालदार म्हणाले, "साहेब, तेवढे पोलिसी बूट काढा."

साडेदहाला स्वारी आली. चाळिशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, मागे ट्रॅक्टर आणि चार मजूर. मी हात जोडले.

"या साहेब. एक विचारू? घर पाडायचं ते खालून की वरून?"

"वरून."

"असं का? मला वाटलं खालून एक खांब काढला की आपोआप."

"आजोबा, तुम्ही बाजूला बसा." मला आजोबा म्हणाला! हाच त्याचा गुन्हा मी सर्वांत मोठा धरतो.

"बसतो, बसतो. पण तुमच्या पालिकेत साहेब कोण आहेत हल्ली? आमच्या भाच्याची ओळख आहे म्हणून विचारलं."

त्यानं मुख्याधिकाऱ्यांचं नाव सांगितलं. ते गेल्या वर्षीच बदलून गेले होते. मी डोक्याचं उपरणं सोडलं, शिपाई आत आले, पंचनामा झाला. बॅगेत शिक्का, कोऱ्या नोटिसा आणि एक हातोडी. पंचनाम्यावर सह्या होईपर्यंत गल्ली माणसांनी भरली. अक्का तर उभ्याउभ्या पदराला डोळे पुसत हसत होत्या.

"काय नाटक करतस हो भाऊ तुम्ही!" मग अदबीनं विचारलं, "मंग आते खारी टाकू का? नोटिशीपायी थांबेल व्हतू."

खारी म्हणजे पांढरी चिकट माती. पावसाळ्याआधी धाब्यावर तिचा थर देतात, म्हणजे छत गळत नाही. गल्लीतली माणसं मिळून टाकतात, नंतर घरमालक वरण-बट्टीचं जेवण घालतो.

यशाच्या धुंदीत होतो मी. म्हणालो, "टाका की अक्का! या वर्षी दुप्पट टाका!"

ठाण्यात चौकशी सुरू झाली. आरोपी इंजिनीअर नव्हताच. सुताराच्या घरातला, सोनगीरच्या अलीकडे हायवेला जुन्या लाकडाची वखार होती. जुन्या सागवानाला हल्ली हॉटेलवाले आणि बंगलेवाले विचारत येतात. हा पालिकेच्या खिडकीजवळ उभा राहायचा आणि चौकशी करून घाबऱ्या चेहऱ्यानं परत फिरणाऱ्याच्या मागे जायचा. आमच्याआधी पाच घरं त्यानं अशी उतरवली होती. कबुली देताना आवाज अगदी साहेबी : "सदर घरांची पाहणी मी स्वतः केली आहे." मी म्हटलं, "अरे, आता तरी ते ओळखपत्र डोक्यातून काढ."

जबाब लिहून होत आला. मी सहज म्हणालो, "बिचारे नाना-अक्का. आता निवांत खारी टाकत असतील."

त्याचा चेहरा बदलला. भाषाही बदलली.

"साहेब, धाब्यावर आते खारी टाकी ऱ्हायनात?"

"हो. दुप्पट."

तो खुर्चीतून उठलाच. शिपायानं खांदा दाबून बसवलं.

"त्यास्ले बाहेर काढा साहेब. मी खोटा शे, नोटीस खोटी शे, बठ्ठं खोटं शे. पन ते धाबं खरंच पडी. मोठा सरनं तोंड भित्तमा सडी जायेल शे. पहिली पाच घरं लोखंडसारखी व्हती. हाऊ एकच सर ठोकना तं पोकळ वाजना."

हवालदार म्हणाले, "साहेब, आता नवीन नाटक काढलं यानं. बाहेर न्यायला लावायचं."

मलाही तसंच वाटलं. पण मग मी स्वतःला विचारलं, घर ठणठणीत आहे हे मला कुणी सांगितलं? लिपिकानं? त्यानं नोटिशीचं सांगितलं, घराचं नाही. मी त्या ओसरीवर तासभर बसलो होतो, पण घरातला एक सरही डोळे वर करून पाहिला नव्हता. ज्यानं ठोकून पाहिलं असा माणूस एकच, आणि तो माझ्यासमोर आरोपी म्हणून बसला होता.

स्टेशन डायरीत नोंद केली आणि आरोपीला घेऊन जीप काढली.

गल्लीत पोहोचलो तर धाब्यावर नऊ माणसं, मध्यभागी खारीचा हा ढीग, खालून पाट्या वर जात होत्या. अक्का नेमक्या त्याच खोलीत, खाटेवर बसून वांगी चिरत होत्या. मी ओरडलो, "सगळे खाली उतरा! छत पडेल!"

वरून हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली. अक्का आतून म्हणाल्या, "पुरे आते भाऊ! तुमनं नाटक सकायलेच दखं आम्ही."

सकाळी सोंग काढल्याची किंमत मला त्या क्षणी कळली. मी जितका ओरडलो, तितके ते हसले. गणवेश अंगावर होता, तरी त्यांना मी यावलचा केळीवालाच दिसत होतो.

शेवटी मी आरोपीला आत घेतलं, नानांना हाताला धरून आत ओढलं आणि म्हणालो, "दाखव." बेड्यांसकट तो स्टुलावर चढला. नानांच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं मोठ्या सराच्या टोकाला, भिंतीत शिरतो तिथे, टेकवला आणि हलकेच दाबला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, पेढ्यात जावा तसा. भुसा आणि वाळवीची माती नानांच्या पांढऱ्या शर्टावर पडली.

नानांनी एकदा वर पाहिलं आणि गाडीतले प्रवासी उतरवावेत तशा आवाजात हुकूम दिला, "एकेक करून उतरा. पळू नका. शिडीच्या बाजूनं." मग अक्कांना दोघांनी खाटेसकट उचलून अंगणात नेलं. कुणी हसलं नाही. शेवटचा माणूस शिडीवर पाय ठेवत होता तेव्हा वरून बारीक माती गळायला लागली होती.

त्या रात्री नाना-अक्का शेजाऱ्यांकडे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकू लावायला सुतार आला, तो दारात चप्पल काढत असतानाच त्या खोलीचा कोपरा खाली आला. धूळ बसल्यावर आम्ही तुटलेली कड पाहिली. मातीचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक. शंभर वर्षं प्रत्येक मालकानं पावसाआधी नवी खारी टाकली होती, आणि जुनी काढायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. छत गळत नव्हतं, म्हणजे घर चांगलं, असा सगळ्यांचा हिशेब. खाली लाकूड पोखरत होतं आणि वर ओझं वाढत होतं.

पुढे पालिकेचे खरे अभियंता आले. खरी नोटीस निघाली, जावक क्रमांकासह, जुन्या मालकाच्या मयत आजोबांच्या नावे, आणि दिलगिरी अर्थातच नव्हती. नानांना घेऊन मी स्वतः सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेलो. नाव लागलं, दुरुस्तीची परवानगी मिळाली, संडासाचं प्रकरण नियमात बसलं. ज्या चौकशीला ते घाबरले होते, ती बहुतेक रांगेत उभं राहण्यातच संपली. त्यांच्या त्या खोलीवर आता पत्रे आहेत आणि संडास-न्हाणीघर घरातच आहे.

आरोपीवर फसवणूक, तोतयागिरी, बनावट दस्तऐवज, सगळी कलमं लागली. पाच कुटुंबांची घरं त्यानं मोडली होती. त्यात मी तसूभर सूट दिली नाही. पण त्यानं दिलेला इशाराही मी दोषारोपपत्रात शब्दशः घातला. वरिष्ठ म्हणाले, "हे कशाला? बचावाचा वकील याचाच फायदा घेईल." मी म्हणालो, "घेऊ द्या, साहेब. घडलं ते असं आहे."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात तेव्हा मी अक्कांचं बोलणं सांगतो. कोपरा पडला त्या सकाळी त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या. माझ्यावर रागावल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, चोर बोलना ते खरं निंघनं, आन पोलीस बोलना ते खोटं. आते आम्ही कोनं ऐकानं?"

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो आणि म्हणालो, "कुणाचंच नाही, अक्का. आधी सर ठोकून बघायचा." पण ते उत्तर त्यांच्यासाठी नव्हतं. त्यानंतर नोकरीत जितके दिवस राहिलो, खोटा कागद हातात आला की आधी त्याच्यात लिहिलेल्या जागी जाऊन यायचो, आणि मगच लोकांना सांगायचो की काळजी करू नका.