सत्तर मीटरवरचा कुडू

शारजात अल नहदाला मी एकटा राहतो. बायको मुलीच्या बारावीसाठी पुण्याला गेली, बारावी झाली, मुलगी कॉलेजला लागली आणि त्या दोघींचं परत येणं राहूनच गेलं. तेव्हापासून माझा रविवार एका मित्राच्या घरी जायचा. तो कोल्हापूरचा, इथे इंटिरियरची कंत्राटं घेतो, रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये राहतो. सकाळी आम्ही दोघं तिरंदाजीच्या क्लबवर जायचो, दुपारी त्याच्याकडे मटण, आणि निघताना वहिनी सोमवारचा डबा हातात ठेवायच्या. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, आणि माझ्या स्वयंपाकघरात भरण्यासारखं साखरेशिवाय काही नसे. त्यांच्याकडचा चहा वर्षभर माझ्याच साखरेचा होत असणार.

क्लबच्या मागे वाळूत फोमची जनावरं उभी आहेत. हरीण, रानडुक्कर, आणि एक अस्वल, ज्याचा त्या वाळूशी काडीचा संबंध नाही. मित्राचा हात सुरेख. सत्तर मीटरवरून तो हरणाच्या बरोबर फुफ्फुसात बाण बसवायचा आणि मग माझ्याकडे वळून भुवया उडवायचा. मी तिसाच्या पुढे जात नसे.

"फोम पाऊल टाकत नाही," मी म्हणायचो.

"तू जबल अलीच्या बंदरात कंटेनर मोजून मोजून म्हातारा झालास," तो म्हणायचा. "कॉन्फिडन्स नावाची काही चीज असते की नाही?"

असते. पण बाण म्हणजे गोळी नव्हे. सत्तर मीटर जायला त्याला जवळजवळ सेकंद लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या आधी जनावराच्या कानात पोचतो. तेवढ्यात ते दचकतं, किंवा नुसतं पुढच्या गवताकडे एक पाऊल टाकतं, आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पोटात शिरतो. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही. ते पळतं, कुठल्यातरी झुडपात जाऊन बसतं आणि तिथे फार वेळ मरत राहतं. शिकारीलाच माझा विरोध होता असं नाही. वहिनींचा तांबडा रस्सा ओरपणाऱ्याने अहिंसेवर प्रवचन देऊ नये, एवढं मला कळतं. माझं म्हणणं इतकंच होतं की नेम कितीही चांगला असला तरी त्या मधल्या सेकंदावर आपली सत्ता नसते, म्हणून जवळ जावं, आणि जाता येत नसेल तर बाण भात्यात ठेवावा.

तो रीतसर परवाना काढून आफ्रिकेला गेला आणि दसऱ्याच्या आत परत आला. दसऱ्याला त्याच्या देवापुढे दोन धनुष्यं पाटावर ठेवली होती, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. दुसरं माझं होतं. आमचे देव बायकोने पुण्याला नेले होते, त्यामुळे माझ्या शस्त्राची पूजा त्याच्याकडे. जेवणं झाल्यावर, पंधरा-वीस पाहुणे बासुंदीच्या वाट्या घेऊन बसलेले असताना, त्याने टीव्हीवर व्हिडिओ लावला.

झाडीच्या कडेला एक कुडू चरत होता. आफ्रिकेतलं मोठं हरीण ते, पिळदार उंच शिंगांचं. याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं. कॅमेऱ्याच्या शेजारून मित्राचा आवाज आला, "सेव्हन्टी." दोरी वाजली. कुडूने मान वर केली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि बाण मागे पोटात गेला. तो झाडीत पळाला. खोलीत टाळ्या पडल्या. मग फोटो आला. मेलेल्या कुडूमागे गुडघ्यावर बसलेला माझा मित्र, हसतोय. कुडूची दोन्ही शिंगं अगदी टोकापर्यंत धड होती.

मी मुळात खवट माणूस. गप्प बसणं मला जमत नाही.

"हा दुसरा आहे," मी म्हणालो. "पहिला सापडला का?"

"माग काढणारे ट्रॅकर होते ना तिथे. मिळाला असेल त्यांना."

"असेल म्हणजे?"

"भावजी, सणाच्या दिवशी नको," वहिनी हळूच म्हणाल्या.

"खलास, बास आता," मित्र म्हणाला. "माझ्या घरात येऊन माझी इन्क्वायरी नको करूस."

मी वाटी खाली ठेवली आणि बूट घालून निघालो. धनुष्य पाटावरच राहिलं. पूजेतलं शस्त्र त्या दिवशी उचलत नाहीत, आणि रागातसुद्धा ते माझ्या लक्षात होतं.

त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. रविवारी मी खालच्या कॅफेटेरियात पराठा खायचो आणि दुपारभर झोपायचो. मला त्या घराची फार आठवण यायची, मटणाचीही यायची, लपवण्यात काय अर्थ आहे. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "माफी मागून टाका." पण कशाची? प्रश्न बरोबर होता. तो मागे घेतला असता तर मला त्यांच्याकडे जेवता आलं असतं, पण घास उतरला नसता.

वहिनींचा शेवटचा डबा तेवढा माझ्याकडे होता. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यात दुकानातले बेसनाचे लाडू भरले. या वेळी साखर न्यायची लाज वाटली.

दार मित्रानेच उघडलं. त्याने डबा घेतला, आत गेला आणि माझं धनुष्य घेऊन आला. कुंकू तसंच होतं, एक सुकलेली झेंडूची पाकळी दोरीला चिकटलेली.

"नाही सापडला," तो म्हणाला. "दोन दिवस फिरलो. एका नाल्यापर्यंत रक्त होतं, पुढे काहीच नाही. मग ट्रॅकर म्हणाला, सर, दुसरा बघू."

मी त्याच्या हातातून धनुष्य घेतलं.

"तू सगळ्यांसमोर विचारायला नको होतंस."

"एकट्याला विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

त्याने खरोखर विचार केला. "नाही," तो म्हणाला.

आतून वहिनींचा आवाज आला, "कोण आलंय?"

"कोणी नाही," त्याने माझ्याकडे बघतच सांगितलं, आणि दार हळूच लावून घेतलं.

लिफ्टमध्ये मी स्वतःची समजूत घातली, की वहिनी आपला डबा ओळखतीलच. ओळखला असणार. पण त्यांचं माझ्याकडे आता काही नव्हतं, आणि माझं त्यांच्याकडे काही नव्हतं. रस्ता ओलांडून तिकडे जायला कारणच उरलं नाही.