शिजलेल्या हाताची कांडी

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी स्टेशनवर अप्पांनी दोन ग्लास चहा घेतला. दुष्काळाच्या पाठोपाठचा जून होता आणि आभाळ अजून कोरडंच होतं. चहा इतका कढत होता की पदरात धरूनही मला ग्लास या हातातून त्या हातात करावा लागत होता. अप्पांनी मात्र आपला ग्लास उघड्या मुठीत गच्च धरला होता आणि ते निवांत इंजिनाकडे बघत होते. बाकाशी टेकलेला हमाल म्हणाला, "मालक, हात हाय का पक्कड?" अप्पा हसले. "भट्टीवरचा हात हाय बाबा. शिजलाय आता." मला त्या उत्तराचा केवढा अभिमान वाटला होता!

पुण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिलीच. खिडकीच्या गजांतून हात घालून अव्वा, म्हणजे माझी आई, माझ्या गालावरून बोटं फिरवत "होगि बा, होगि बा" म्हणत होती. आमच्या कानडीत निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत, जाऊन ये म्हणतात. अप्पांनी साखरेच्या कांड्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "शाळंतल्या पोरास्नी वाट. म्हणावं, माझ्या बाच्या हातची हाय."

तुमच्यापैकी जे अजून सोलापुरात, आपल्या भवानी पेठेत आहेत आणि जे माझ्यासारखे पोटामागे बाहेर पडले, त्यांना ती कांडी आठवत असेल. बोटभर लांबीची, पांढरी, अंगावर गुलाबी पीळ, तोंडात धरली की आधी थंड आणि मग आल्याचा हलका झणका. लग्नाकार्यात भेटलात की तुम्ही हमखास विचारता, "मल्लप्पांनी कांडी एकाएकी बंद का केली गं?" मी आजवर "मला पुण्यात एकटीला करमत नव्हतं" एवढंच सांगत आले. आता अप्पा नाहीत, अव्वाही नाही, आणि आम्हांला कुणी वाळीत टाकील असे दिवसही राहिले नाहीत. म्हणून लिहिते.

कांडी मुळात आमची नव्हे. अप्पा अक्कलकोटाकडच्या खेड्यातून कामाच्या शोधात आले, तेव्हा त्यांना करीमचाचांनी आपल्या भट्टीवर ठेवून घेतलं. चाचांचे वडील गुळाची काळी कांडी करून आठवडी बाजारात विकायचे. पुढे माळशिरसकडे कारखान्यांची साखर निघू लागली आणि कांडी पांढरी झाली. गुलाबी पीळ चाचांनी घातला, आलं अप्पांनी. गिऱ्हाईक मात्र पोरांपेक्षा गिरणीतली माणसं जास्त. मागखात्यात कापसाची तूस घशात बसायची, म्हणून भोंगा व्हायच्या आधी फाटकावर कांडी घेऊन गालात धरायची आणि आत जायचं. आमच्या गल्लीतल्या विणकर पद्मशाली बायका ती ओढलेली साखर बघून म्हणायच्या, "मल्लप्पा, हे रेशीम आमच्या मागावर दे की, लुगडं विणते."

आणि ती खरोखरच रेशमासारखी दिसे. पाक कडक झाला की तेल लावलेल्या फरशीवर ओतायचा, गोळा करायचा आणि भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर फेकून ओढायचा. ओढायचा, दुमडायचा, पुन्हा आकड्यावर टाकायचा. गढूळ पिवळा गोळा हवा खात खात पांढरा आणि चकचकीत होत जातो. पण हे सगळं तो गरम असतानाच झालं पाहिजे. निवला की दगड. म्हणजे ज्याचा हात जितकी धग सोसेल तितकी त्याची कांडी चमकणार. पाकाची परीक्षाही हातानंच. बोटं गार पाण्यात बुडवायची, लगेच उकळत्या कढईत घालायची, चिमटीत पाक घेऊन परत पाण्यात. नवशिका माणूस ओरडतो. मुरलेला नुसते दात आवळतो.

भट्टीवर म्हणत, वर्षानुवर्षं काम केलं की एक दिवस हात शिजतो. मग आग लागत नाही. तो दिवस ज्याच्या नशिबी येई, त्याच्यासाठी नारळ फुटायचा. चाचांच्या डोळ्यांदेखत हात शिजलेला एकच माणूस झाला, तो म्हणजे अप्पा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अप्पांनी कढईतून चिमूट काढली आणि पाण्यात हात बुडवायलाच विसरले. पाक बोटांना चिकटलेला, आणि ते शांतपणे गिऱ्हाइकाशी बोलताहेत. मग चाचा उठले आणि त्यांनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. "अरे मल्लू, आग तेरेकू पहचानने लगी रे! मेरेकू उमरभर नै पहचानी." नारळ फुटला. घरी अव्वानं होळिगे केल्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या. वाढताना तिनं अप्पांच्या बोटांवरचे टपोरे फोड पाहिले आणि तुपाची वाटी घेऊन बसली. "कधी आले हे?" "मला काय ठावं? दुखतंय कुटं?" अप्पा म्हणाले, आणि आम्ही हसलो.

त्यानंतरची वर्षं कांडीची सगळ्यात चांगली वर्षं. तुम्हांला जी चमक आठवते ती याच वर्षांतली आहे. दुष्काळात साखर मिळेना, भट्टी कशीबशी पेटायची, पण त्या दिवशी दारात रांग लागायची. दुसरे हात भाजतात म्हणून जिथं सोडून द्यायचे, त्याच्या पुढेही अप्पा ओढत राहायचे. दंडावर एक फिकट चट्टा आला होता. भट्टीच्या धगीनं कातडी उडाली, असं सगळे म्हणाले. उजव्या हाताची करंगळी किंचित वाकली. आकड्याच्या ओढीनं, असं म्हणाले. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे भट्टीचं कारण तयार होतं. त्याच पैशावर माझी फी भरली गेली आणि मी बी. एस्सी. झाले.

पुण्यात माझं बरं चाललं होतं. बायकांच्या वसतिगृहात खोली होती, स्टाफरूममध्ये माझ्या हेलाची, दर वाक्यामागच्या 'की'ची थट्टा व्हायची. "आली बघा की-वाली," एक बाई म्हणायच्या, पण डबा माझ्यापुढेच उघडायच्या. मी 'लई' सोडून 'खूप' म्हणायला शिकले. दिवाळीआधी शाळेत आरोग्य तपासणीची माणसं आली. त्यांतला एक तरुण प्रत्येक मुलाच्या अंगावरचे डाग बघत होता. एका मुलाच्या पाठीवर फिकट चट्टा निघाला. त्यानं कापसाची वात केली आणि म्हणाला, "डोळे मिट. मी लावीन तिथं बोट ठेव." मुलानं मानेवर बोट ठेवलं, खांद्यावर ठेवलं. मग वात चट्ट्यावर टेकली. मुलगा हात तसाच धरून वाट बघत राहिला. "लावा ना सर," तो म्हणाला.

मी दारात उभी होते. त्या तरुणाला बाजूला घेऊन विचारलं, हे काय आहे? तो हळू आवाजात म्हणाला, "कुष्ठरोगाची सुरुवात असू शकते, बाई. कातडीला कळेनासं होतं. मग भाजतं, कापतं, आणि माणसाला पत्ता नसतो. लवकर सापडलं तर गोळ्यांनी बरं होतं." पुढचं त्यानं काय सांगितलं ते माझ्या कानांत शिरलं नाही. फळ्यावर मीच काढलेली ज्ञानेंद्रियांची आकृती होती.

त्याच शनिवारी मी गाडी धरली. कुर्डुवाडी गेल्यावर डब्यात ओळखीचे आवाज सुरू झाले, हितं बस, तितं सरक, आणि दर वेळी वाटायचं की उलट दिशेनं निघून जावं. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा अप्पा ओट्यावर बसून कांड्या कागदात गुंडाळत होते. शेजारची दोन पोरं त्यांच्या गुडघ्याला टेकून तुकड्यांची वाट बघत होती. ते दृश्य मी आयुष्यभर पाहत आले होते. त्या दिवशी मात्र त्या पोरांना हाताला धरून बाहेर नेलं आणि दार लावलं.

"काय गं, मास्तरीण झालीस म्हणून घर बी तुझं झालं का?" अप्पा हसत म्हणाले. मी म्हटलं, "अप्पा, शाळेत एक खेळ शिकले. डोळे मिटा." अव्वा कणीक मळता मळता थांबली. मी कापूस पिळला. कपाळाला लावला, त्यांनी बरोबर बोट ठेवलं. गळ्याला लावला, बरोबर. मग चट्ट्यावर लावला, करंगळीवर लावला, दोन्ही हातांच्या बोटांवरून फिरवला.

"लाव की गं," अप्पा म्हणाले. "किती येळ झाला."

कापूस त्यांच्या तळहातावर होता. अव्वानं पाहिला. अप्पांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी डोळे उघडले, आधी कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी मान हलवून मला थांबवलं. गावाकडे असे हात त्यांनी पाहिलेले होते. म्हणाले, "म्हंजे तवा नारळ फोडला, तो ह्याचा?"

सोमवारी मी अप्पांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. औषध सुरू झालं की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, खाण्यातून तर नाहीच, धंदा सोडायचं काही कारण नाही, असं त्यानं समजावलं. अव्वाला आणि मला तपासलं, आम्ही नीट होतो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डाक्टर, तुमी म्हणताय ते खरं असंल. पण ज्यानी माझ्या हातचं पोराच्या तोंडात घातलं, त्याला हे कळलं तर तो जन्मभर ते आठवून थुकंल." दवाखान्यात रोज जाताना कुणीतरी बघणारच होतं. भट्टी चालू ठेवली तर भीती, कारण न सांगता बंद केली तर बोभाटा. तेव्हा अप्पांनी एक युक्ती काढली. सगळ्या पेठेला सांगितलं, पोरीला पुण्यात एकटीला करमत नाही, बोलावतेय, आम्ही चाललो. लोकांनी टोमणे मारले. "पोरगी शिकली अन् म्हातारा शेठ झाला!" अप्पा मान डोलवत हसत राहिले. करीमचाचा तेवढे हसले नाहीत. निघताना त्यांनी अप्पांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, वाकलेल्या करंगळीवरून अंगठा फिरवला आणि सोडायलाच तयार होईनात. त्यांना कळलं होतं की नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

माझ्या शिक्षणानं आईबापांना सुखात नेलं, असं पेठेत सगळे समजत होते. खरं म्हणजे माझ्या शिक्षणाआड ते लपले होते. पण त्याच शिक्षणानं अप्पांचा डावा हात वाकडा होण्यापासून वाचला आणि उजव्याची तीन बोटं कामाची राहिली. ज्या माणसानं मला शिकवलं त्याच्या उपयोगी एवढं तरी पडता आलं, यासाठी मी देवाचं ऋण मानते.

गोळ्यांनी रोग गेला, दोन्ही हातांच्या बोटांचं कळणं मात्र परत आलं नाही. पुण्याच्या खोलीत अव्वा अप्पांना स्टोव्हजवळ फिरकू देत नसे. आंघोळीचं पाणी काढलं की ते बादलीजवळ उकिडवे बसायचे आणि मला हाक मारायचे. ज्यांची बोटं पाकाच्या तारा मोजायची, ते विचारायचे, "ऊन हाय का बघ गं." मी हात घालायची आणि सांगायची, थोडं गार घाला. मरेपर्यंत त्यांनी आधी माझा हात गेल्याशिवाय पाण्याला हात लावला नाही.

आता फ्लॅटमध्ये गीझर आहे. पाणी किती गरम ते आकड्यांत दिसतं, नातवंडं नळ फिरवतात आणि सरळ डोक्यावर घेतात. मी मात्र त्यांना थांबवून आधी माझा हात घालते. पाणी कधीकधी फार कढत असतं. हात चटकन मागे येतो, कातडी लाल होते, आणि नात विचारते, "आजी, भाजलं का?" मी तिला सांगते, हो, भाजलं. लई भाजलं.