अप्पर की डिप्पर

समजा, तुम्हाला एका मोटरसायकलचा फुटलेला हेडलाइट बदलायचा आहे. काम अवघड नाही. फुटक्या काचेसाठी आधी हाताला जाड कापड गुंडाळा. डुमाच्या, म्हणजे दिव्याच्या गोल वाटीच्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल करा, खालचा एक पूर्ण काढा. डूम हातात येईल, पण ओढू नका, मागे वायरी आहेत. होल्डर चिमटीत धरून हलकेच सोडवा. रबरी टोपी काढा, स्प्रिंग दाबून बाजूला सारा, बल्ब बाहेर. सवयीच्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आता समजा, ती मोटरसायकल तुमच्या धाकट्या भावाची आहे, आणि तिच्यावरच अपघात होऊन तो गेला.

मास्तरांना या कामाला चार महिने लागले.

मास्तर शाळेतले नव्हेत. मोटरसायकलच्या वायरिंगमधले. तीस वर्षं एकाच गाळ्यात, एकाच स्टुलावर बसून त्यांनी अख्ख्या वस्तीच्या गाड्यांचे दिवे लावले. टेस्ट लॅम्पची वायर गळ्यात घालून ते गाडीजवळ उकिडवे बसले, की डॉक्टर छाती तपासायला बसल्यासारखं गिऱ्हाईक गप्प व्हायचं. दिलेला शब्द ते पाळत. फक्त एक खोड होती. गिऱ्हाईकाला आज, घरच्याला उद्या. त्यांच्या स्वतःच्या दाराची घंटा दोन वर्षं बंद होती. पाहुणे हाका मारून घरात येत.

धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सुया, पट्टे, तेलाची कुपी असं सगळं पिशवीत भरून गावोगाव फिरायचा. मास्तरांहून अकरा वर्षांनी लहान, आणि तोंडाने फटकळ. गेला त्या आठवड्यात तो गाळ्यासमोर गाडी चालूच ठेवून म्हणाला होता, "दादा, डिप्परला लुकलुकतंय रे. खड्डा आला की विझतंच. अप्पर ठीक आहे."

अप्पर म्हणजे लांबचा झोत, डिप्पर म्हणजे जवळचा. एकाच बल्बात दोन तारा असतात. एक अप्परची, एक डिप्परची.

"होल्डर सैल असेल. उद्या सोड गाडी."

"तुझा उद्या आता लग्नाच्या वयाचा झाला, दादा. स्थळं बघायला घे."

"मग आत्ता थांब अर्धा तास."

"आत्ता बायका मशिनी उघड्या टाकून बसल्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मीच," असं म्हणून हसत हसत तो गेला.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, वस्तीबाहेरच्या वळणावर समोरून दुधाची गाडी आली. ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानेच धाकट्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या बाकावर बसून जो भेटेल त्याला तो एकच वाक्य सांगत राहिला, "मला काही दिसलंच नाही हो."

त्या वाक्याला लोकांनी पुढचं जोडलं. दिसलं नाही म्हणजे दिवा नव्हता. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी अंगणात चप्पल शोधता शोधता म्हणालं, "वायरिंगवाल्याचा भाऊ, आणि बिनदिव्याचा गेला." मास्तर दाराआडच उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी गाळ्यात 'उद्या' हा शब्द उच्चारला नाही. कुणाला सांगायचंच झालं तर वाराचं नाव घेत.

धाकट्याची गाडी गाळ्याच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी राहिली. मास्तर तिच्याकडे पाठ करून काम करत.

चार महिन्यांनी धाकटी आली. भावाची बायको. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. "दादा, गाडी करून द्या. मी चालवणार आहे," ती म्हणाली.

"माझी घेऊन जा. हलकी आहे."

"तुमची नको. पहाटे साडेपाचला लोक उपाशीपोटी माझी वाट बघत बसतात. पायी पोचेपर्यंत उशीर होतो. मग म्हणतात, बाई, रक्त राहू दे, आधी चहा पिऊ दे." ती जराशी हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला. "मला यांचीच गाडी पाहिजे."

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि दिवा उघडाल ना, तेव्हा बघा. चालू होता का ते. हे म्हणायचे, दादाला बल्ब बघून कळतं."

कळत होतं खरं. तीस वर्षांत शेकड्यांनी आपटलेल्या गाड्या हाताखालून गेल्या होत्या. बल्बातली तार पेटलेली असताना मऊ असते. धक्का बसला की गुळाच्या पाकासारखी ताणली जाते, तिची वेटोळी वेडीवाकडी होतात. विझलेली तार कडक असते. ती तुटते, नाहीतर होती तशीच राहते. धाकट्याला ही गंमत त्यांनीच दाखवली होती, आणि ती त्याने घरी सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि ताडपत्री काढली. काच तीन ठिकाणी फुटली होती, रिफ्लेक्टरला पोचा पडला होता. चाकाच्या मातीत गवताची वाळकी काडी अडकलेली होती. ती त्यांनी काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचून खिशात टाकली. डूम खाली घेतला. होल्डर सोडवला. बल्ब शाबूत निघाला.

बराच वेळ तो त्यांनी मुठीतच धरला. मग खिडकीपाशी जाऊन डोळ्यासमोर धरला.

अप्परची तार ताणली होती. वेटोळी सुटून एका बाजूला ओघळली होती. यात शंकेला जागा नव्हती. आदळताना ती पेटलेली होती.

"होता," ते मोठ्याने म्हणाले. "होता रे, चालू होता!" चार महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला. त्यांना वाटलं, असंच पळत जावं आणि चप्पल शोधणाऱ्या त्या माणसाला गाठून हा बल्ब दाखवावा.

मग त्यांनी डिप्परची तार बघितली. ती जशीच्या तशी होती. सरळ, नेटकी, एकसारख्या वेटोळ्यांची. थंड. त्यांनी होल्डर उलटा केला. डिप्परच्या टोकाजवळचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. टोक बोटाने हलवलं तर दातासारखं हललं. डिप्पर लुकलुकत नव्हता, पार गेलेला होता.

आणि तेव्हा दुधाच्या गाडीवाल्याचं वाक्य त्यांच्या डोक्यात फिरलं. मला काही दिसलंच नाही. समोर अंधार असला तरी माणूस हेच म्हणतो. आणि डोळ्यांत झोत गेला तरी हेच म्हणतो.

मास्तर स्टुलावर बसले. डिप्पर नाही म्हणून धाकटा सगळी वाट अप्पर लावून आला असेल, तर तो झोत त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेला, आणि झोताच्या मुळाशी हा सैल होल्डर होता. पण वेळ दिवेलागणीची होती. दिवा लावलाच पाहिजे असंही नाही, नकोच असंही नाही. त्याने दिवा बंदच ठेवला असेल, आणि वळणावर सवयीप्रमाणे बटण दाबून एकदा अप्पर चमकवला असेल, तर होल्डरचा काही संबंध नव्हता. तार दोन्ही वेळी अशीच ताणली जाते. बटणांवरून काही कळायला मार्ग नव्हता. गाडी उचलणाऱ्यांनी चावीपासून सगळं बंद केलेलं होतं.

दुपारी ते नवा हेडलाइट आणायला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात ताई बसायच्या. अख्ख्या बाजाराला त्या तोंडावर ऐकवत, पण मास्तरांना पाहून त्यांनी आवाज खाली घेतला. काउंटरवर तीन खोकी मांडली.

"हा कंपनीचा, काच जड आहे. हा तसलाच, पण प्लास्टिक. दोन वर्षांत पिवळा पडेल, तुम्हाला सांगायला नको. आणि हा बघा, एलईडी. पांढराशुभ्र. रात्रीचा दिवस करतो. सगळी पोरं हाच नेतात."

"समोरच्याच्या डोळ्यांत किती जातो?"

"काय?"

"समोरून येणाऱ्याला. किती लागतो?"

ताई गोंधळल्या. "इतकी वर्षं दुकान चालवते, मास्तर. उजेड किती पडतो हे सगळे विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं." मग त्यांनीच एलईडीचं खोकं मागे सरकवलं.

मास्तरांनी काचेचा घेतला. काच उजेडाकडे धरून तिच्यावरच्या रेघा पाहिल्या. या रेघाच झोत खाली वळवतात. नवा होल्डर घेतला. मग आणखी एक होल्डर मागितला.

"दोन कशाला?"

"असू दे घरात."

संध्याकाळी धाकटी आली तेव्हा दिवा बसला होता. गाडी भिंतीसमोर पाच मीटरवर उभी करून मास्तरांनी खडूने आडवी रेघ मारली. "बस गाडीवर. तुझ्या वजनाने झोत वर जातो, तो बघायचाय."

"एवढी जाड झालेय का मी?"

"बस गं."

ती बसली. डिप्पर लागला. भिंतीवरची उजेडाची कड रेघेच्या वर आली. मास्तरांनी स्क्रू फिरवत ती रेघेखाली आणली. तिने हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, धाकटा धरायचा तसं, अंगठे बाहेर काढून.

"दादा, बघितलंत?"

"हं."

"होता?"

"होता चालू."

तिने डोळे मिटले. "मला माहीत होतं," ती म्हणाली, दोनदा. डोळे पुसून तिने भिंतीकडे बघितलं. "मग त्या माणसाला दिसलं कसं नाही?"

मास्तर खाली वाकले आणि आधीच घट्ट असलेला स्क्रू आणखी पिळू लागले. कोणता दिवा चालू होता हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ती आता पहाटे त्याच गाडीवरून जाते. मास्तरांच्या दाराची घंटाही वाजते. दुधाच्या गाडीवाल्याने ड्रायव्हिंग सोडलं. तो एका गोदामात पोती मोजतो, एवढं मास्तरांनी शोधून काढलं आहे. दोनदा ते फाटकापर्यंत गेले. पहिल्यांदा तो दिसला नाही. दुसऱ्यांदा दिसला, झाडाखाली एकटाच डबा खात होता, आणि मास्तर तसेच परत फिरले. त्याला दोष द्यायचा नाही, त्याच्याकडून माफीही नको. एवढंच विचारायचं आहे: बाबा रे, माझ्या भावाचा दिवा सगळ्या वळणभर तुझ्या डोळ्यांवर होता, की एकदाच चमकला?